सासूबाईंचं स्टेशन

माझं शिक्षण तिसरी. म्हणजे तिसरीत बसलो होतो, पास झालो असं कोणी म्हणत नाही. पण रेडिओ मात्र मी भरपूर ऐकलाय. इंदौरच्या पोलोग्राउंडला ज्या कारखान्यात मी लेथवर आहे, तिथं दिवसभर रेडिओ चालतो. मशीनींचा आवाज एवढा, की त्यात धड काही ऐकू येत नाही. पण बंद केला की सगळे ओरडतात, "भिया, चालू करो, सूना लग रिया है!"

आम्ही चार माणसं, चौघांची चार स्टेशनं. एकावर एक बाई सकाळी सहापासून एवढी खूश असते की मला तिची काळजी वाटते. दुसऱ्यावर नुसती जुनी गाणी. सरकारी स्टेशनवर संध्याकाळी दोघं जण माळवीत सोयाबीनच्या गप्पा मारतात. एक सगळं विचारतो आणि दुसऱ्याला सगळं माहीत असतं, आमच्या घरात मी आणि बायको असतो तसं. आणि एक स्टेशन लोकांना फोन करून बेवकूफ बनवतं. मलाही बनवलं होतं. म्हणाले, तुम्हाला बक्षिसात हत्ती लागलाय. आता शहाणा माणूस फोन ठेवेल. मी विचारलं, "चारा कोण देणार?" दहा मिनिटं मी चाऱ्यावर भांडलो, आणि अख्ख्या इंदौरनं ऐकलं.

तर अशा माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या.

बायको माझी कोकणातली, समुद्रकाठची. तिचा मामा इथं तुकोगंजला एका ऑफिसात होता, त्यानं हे लग्न जमवलं. मामांनी तिकडं सांगितलं, मुलगा मशीनवर आहे. सासऱ्यांच्या घरी समजले, मुलाची मशीन आहे. खरं कळेपर्यंत अक्षता पडल्या होत्या. सासऱ्यांची मात्र खरंच स्वतःची होडी होती. चाळीस वर्षं ते मासेमारीला गेले. ते वारले, होडी सासूबाईंच्या धाकट्या दिरानं घेतली आणि त्या घरात त्या एकट्या राहायला लागल्या. पावसात विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. शेजारीण पाण्याला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशाच पडून राहिल्या असत्या कोण जाणे. बायको जाऊन त्यांना घेऊन आली. पाय बरा झाला, तशा त्या म्हणाल्या, "शिमग्यापर्यंत राहीन. पालखीला माझ्या घरी जाईन."

"जाऊन परत येशील ना?" बायकोनं विचारलं.

त्या पायाला तेल चोळायला लागल्या.

बायको मला म्हणाली, "अहो, आई परत त्या विहिरीवर एकटी गेली ना, तर मला इथं झोप लागणार नाही. तिला इथंच ठेवायचं. कसंही करा."

आता मला सांगा, ज्याला हत्तीचा प्रश्न सुटला नाही त्याला हे काम.

सासूबाईंची तक्रार काहीच नव्हती, हीच मोठी भानगड. पोह्यांवर शेव घातली तर शेव बाजूला करून पोहे खायच्या, बोलायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका "माताजी, कैसी हो" म्हणायच्या, त्या मान हलवायच्या. फक्त पहाटे उठून आपला छोटा रेडिओ कानाला लावायच्या आणि एक-एक केस सरकवावा तसा काटा सरकवायच्या. खर्र, खर्र, इंदौरची खूश बाई, खर्र. मग बंद करून ठेवायच्या.

एकदा मी विचारलं, "आई, काय शोधता?"

"आमचं स्टेशन. सकाळी दर्याची बातमी देतात. वारा किती, लाटा किती, भरती कधी, ओहोटी कधी. हे गेले की मी ऐकत बसायची. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही."

"पण आई, इथं दर्या कुठाय?"

बायकोनं स्वयंपाकघरातून माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच म्हटलं, "मी लावून देतो तुमचं स्टेशन. हातचा मळ आहे."

कारखान्याशेजारी मोटर वाइंडिंगवाला आहे. त्याच्याकडून तांब्याची जुनी तार आणली आणि छतावर पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्याच्या डिशच्या खांबापर्यंत ओढली. तारेचं एक टोक रेडिओला. पहिल्या सकाळी नुसता सूं आवाज. दुसऱ्या दिवशी बायकोनं ती कपड्यांची दोरी समजून माझा ओला पायजमा वाळत घातला, तर काय, तामिळ लागलं! एकदम साफ. पायजमा काढला की तामिळ गायब. चार दिवस मी तो पायजमा तिथून हलवला नाही. शेजारी विचारायचे, "भिया, ये धुलता नहीं क्या?"

पण भिया, त्या छतावर मला आपला देश भेटला. शाळेत नकाशा होता, पण मी त्याच्याकडं पाठ करून उभा असायचो, कारण मला तसंच उभं करायचे. पहाटे पाचला मी आणि सासूबाई, दोघं शाली पांघरून, मधे रेडिओ. काटा जरा सरकवला की गुजरातीत शेंगदाण्याचे भाव. आणखी जरा, आणि सरहद्दीकडचं कुठलं स्टेशन, जवानांची फर्माइश. एकदा कोणीतरी एवढ्या गंभीर आवाजात पूजा सांगत होतं की मी हात जोडून बसलो. सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, संस्कृतमधल्या बातम्या आहेत त्या." कुठं शाळेच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते, मी पूर्ण धडा ऐकला. विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही, पण छडीही बसली नाही, म्हणून मला ती शाळा आवडली.

एकदा संध्याकाळी बंगाली नाटक लागलं. एक माणूस रडत होता आणि एक बाई दार लावून गेली. आम्हाला भाषा येत नाही, तरी दोघंही श्वास धरून बसलो. ती परत येते की नाही हे कळायच्या आत स्टेशन गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "येईल. चपला राहिल्यात तिच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"जाताना पावलांचा आवाज अनवाणी होता."

मी मनात म्हटलं, या बाईपुढं आपण काय ऐकतो.

आणि एका पहाटे त्यांनी माझा हात धरला. "थांबा. काटा हलवू नका." रेडिओवर दक्षिणेकडची कुठली तरी भाषा. तेलुगू असेल, मल्याळी असेल, मला सगळ्या सारख्याच. एक बाई सावकाश काहीतरी वाचत होती.

"ही मच्छीमारांची सूचना आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला ही भाषा येते?"

"नाही. पण असं थांबून थांबून दुसरं काही वाचत नाहीत. होडीवरच्या माणसाला वाऱ्यात ऐकू जायला हवं ना."

पूर्ण संपेपर्यंत त्या ऐकत बसल्या. कोणाचा दर्या, कोणाच्या होड्या. खाली आल्यावर त्या दिवशी शेव बाजूला न काढता पोहे खाल्ले. बायकोनं मला जास्तीची जिलबी दिली. मी एवढा फुगलो की कारखान्यात लेथवरचे दोन जॉब खराब केले.

पंधरा दिवस झाले. सगळा देश लागला, सासूबाईंचं स्टेशन लागलं नाही. एका सकाळी मी दुसरी तार आणायला निघालो तेव्हा कॉलेजात शिकणारी माझी मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, वो तो ॲप पे है."

"काय आहे?"

"आजीचं स्टेशन. देशातली सगळी सरकारी स्टेशनं आहेत त्यात." आणि तिनं बोट लावलं. दहा सेकंदांत खोलीत कोकणातला माणूस बोलायला लागला.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठं? मला वाटलं, तुम्ही छतावर पायजम्याचं काही करताय."

सासूबाईंनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. वारा पश्चिमेकडून, लाटा अमुक मीटर, भरती इतक्या वाजता. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसत्या सरळ बसल्या, जशी कामावरची माणसं बसतात. मी पंधरा दिवस छतावर गार वारा खाल्ला होता, त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर आमच्या गल्लीत रोज सकाळी समुद्राची बातमी. सासूबाई भाजीवाल्याला सांगायच्या, "आज उधाण आहे." तो म्हणायचा, "अच्छा माताजी," आणि पुढच्या दारी सांगायचा. आमच्याकडं नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही नळाच्या मर्जीनं. समोरची मावशी एकदा खरंच विचारायला आली, "माताजी, आज नल की भरती कब है?" सगळे हसले. सासूबाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. मला वाटलं, झालं काम. सासूबाई टिकल्या.

कसल्या टिकतात! गावचा आवाज रोज कानात पडायला लागला, तसं गाव जवळ आलं. "आज वारा फार. कौलं उडतील." "माडाखाली कोणी बघत असेल का?" शिमगा एका महिन्यावर. एका दुपारी त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली.

बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तामिळ होतं तोपर्यंत बरं होतं. हे तुम्ही घरात आणलंत."

"मी नाही, मुलीनं."

"तार कोणी ओढली?"

तेव्हा मी डोकं लावलं, आणि मी डोकं लावतो तेव्हा लोकांनी लांब उभं राहावं.

त्या स्टेशनवर गुरुवारी दुपारी फोनवर फर्माइश असायची. मला वाटलं, सासूबाईंनी जन्मभर जे स्टेशन ऐकलं त्याच्यावर त्यांच्यासाठी इंदौरहून गाणं लागलं तर? त्यांना वाटेल, इथं राहूनही आपण तिथं पोचतो. चांगला विचार होता. अजूनही म्हणतो, विचार चांगला होता.

पण आमच्याकडची फर्माइश म्हणजे कशी, ते समजून घ्या. गाणं कमी, माणसं जास्ती. पूर्वी आमच्या गल्लीत श्रोता संघ होता. एका पोस्टकार्डावर तीस नावं, म्हातारा-म्हातारी, पोरं, पानवाला, सगळे. वर सगळी हकीकत की कोणाचं लग्न आहे, कोण आजारी आहे, कोण रुसलंय. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी नावं आणि हकीकत सांगायच्या कामावर. ती सवय हाडात गेलेली.

कारखान्याच्या मागं जाऊन मी फोन लावला. लागला. एक ताई बोलली, एकदम पुस्तकातली मराठी.

"नमस्कार, आपण कुठून बोलताय?"

"इंदौर से, मतलब, इंदौरहून."

"इंदौर? मध्य प्रदेश? अरे वा! आमचं स्टेशन तिथं ऐकता तुम्ही?"

"रोज, ताई. भरती-ओहोटीसकट."

ताई हसली. बस, मी सुटलो. पहिल्यांदा गल्लीतली सगळी नावं घेतली. मग पायजम्याची गोष्ट सांगितली. मग ताई म्हणाली, "आणि गाणं कोणासाठी?" तेव्हा मी सासूबाईंचं नाव, गाव, वाडी, घर देवळापासून कितवं, सगळं सांगितलं. आणि गाडी थांबेना. "ताई, काय आहे, त्यांना इथं बिलकुल करमत नाही. आमचं जेवण आवडत नाही, शेव तर बाजूलाच काढतात. आता बॅग भरायला घेतलीय. असं काहीतरी लावा की त्या राहतील."

ताई म्हणाली, "लावते हं," आणि गाणं लागलं. मी छाती काढून मशीनवर आलो. दोस्त म्हणाला, "क्या हुआ भिया, फिर हाथी निकला क्या?"

घरी आलो तर दारातच मुलगी. "बाबा, आत जाऊ नका."

आत सासूबाईंचा फोन वाजत होता. ठेवला की वाजत होता. अख्खा किनारा तो कार्यक्रम ऐकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त ताईला सांगत होतो ना! आणि मला हेही माहीत नव्हतं की सासूबाईंनी चार महिने गावाला फोन करून काय सांगितलं होतं. सांगितलं होतं, लेकीकडं मी राणीसारखी आहे, हातात आयतं ताट, जावई पुढं-पुढं करतो.

आता धाकटी जाऊ फोनवर. आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज नव्हती. "काय गो वयनी, थंय तुका जेवक घालनत नाय?"

मला मालवणी अर्धी कळते. ही पूर्ण कळली.

सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "कोण म्हणता? माका हय कसलाच कमी नाय."

"तुझो जावयच सांगता मा रेडिओर!"

"माझो जावय सोन्यासारखो हा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून पुढं, "तोंड तेवढा सैल."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. फोनवर मात्र माझी अशी तारीफ चालली होती की मी दाराआडून ऐकून लाजत होतो. जावई पहाटे उठून छतावर तार ओढतो. जावई आपल्या ताटातली जिलबी मला देतो. हे खोटं होतं, मी कधी दिली नव्हती. त्या संध्याकाळी दिली. त्यांनी न बोलता घेतली.

बायको म्हणाली, "आता आई गेली तर गाव म्हणणार, जावई खरंच बोलला. आणि नाही गेली तर तुमच्यामुळं अडकली. तुम्ही देवमाणूस आहात की गाढव, माझं ठरत नाही."

"गाढव धर," मी म्हटलं. "त्यात चूक व्हायची नाही."

पुढच्या गुरुवारी दुपारी सासूबाईंनी मला कारखान्यातून घरी बोलावलं. फोन टेबलावर, स्पीकर चालू. म्हणाल्या, "जावयबापू, इथं शेजारी बसा. तोंड उघडायचं नाही." मी दोन्ही हात तोंडावर ठेवून बसलो.

फोन लागला. तीच ताई. "नमस्कार, आपण कुठून बोलताय?"

"इंदौरहून. गेल्या गुरुवारी ज्याचा फोन आला होता ना, त्याची सासू."

ताईला हसू आवरेना. "आजी! मग काय, करमतं की नाही तुम्हाला?"

"न करमायला काय झालं? माझा जावई बडबड्या आहे. मनानं चांगला आहे, पण मनातलं मनात ठेवायची जागाच नाही त्याच्याकडं. शेव मला आवडत नाही, ते खरं. बाकी सगळं त्याच्या डोक्यातलं. इथं गल्लीत मी रोज दर्याची बातमी सांगते. माझ्याशिवाय इथल्या लोकांना भरती कधी ते कळायचं नाही."

"अहो, पण तिथं समुद्र कुठं आहे?"

"नाहीच. म्हणून तर सांगावं लागतं."

मी हातांच्या मागं हसत होतो. मग ताईनं सहज विचारलं, "आणि आजी, शिमग्याला गावी येणार ना?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. तिकडं धाकटी जाऊ ऐकत होती, दीर ऐकत होता, अख्खी वाडी ऐकत होती. इकडं बायको स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात तसेच ठेवून उभी. मी पहिल्यांदाच आयुष्यात गप्प होतो आणि कोणी त्याचं कौतुक करायला मोकळं नव्हतं.

"येणार तर," सासूबाई म्हणाल्या. "पालखीला यायलाच हवं. आठ दिवस राहीन, घर झाडून घेईन, कौलं बघेन. मग परत इंदौरला. माझी जायची-यायची दोन्ही तिकिटं जावयानं काढून ठेवलीत."

बायकोनं पिठाचा हात तोंडावर ठेवला. नाक पांढरं झालं.

गाणं लागलं. सासूबाईंनी फोन बंद केला, चष्मा पुसला आणि माझ्याकडं बघितलं. मी तसाच तोंड धरून.

"बसलात काय?" त्या म्हणाल्या. "गावभर सांगून झालं. उठा, तिकिटं काढून या."

मी चप्पल घातली न घातली आणि स्टेशनला पोचलो. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "एक तरफ़ का, कि दोनों तरफ़ का?"

मी म्हटलं, "दोनों तरफ़ का, भिया. और पहले लौटने वाला काटो."